नियंत्रित हवाई क्षेत्र ओलांडताना नियंत्रकाशी कसे बोलावे

खासगी वैमानिकाला नियंत्रित हवाई क्षेत्रातून पलीकडे जायचे असते, तेव्हा त्याची खरी अडचण रेडिओच्या बटणांची किंवा इंग्रजीची नसते. आपल्याला नेमके काय मिळाले आहे आणि काय अजून मिळालेले नाही, हे ओळखणे अवघड जाते. नियंत्रकाने हाकेला उत्तर दिले, ट्रान्सपॉन्डरसाठी, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रासाठी, चार आकडी कोड दिला, तुमचे विमान रडारवर ओळखले असेही सांगितले, तरी बहुतेक देशांत यांपैकी एकाही गोष्टीचा अर्थ ‘आत या’ असा होत नाही. ओलांडण्याची परवानगी, म्हणजे क्लिअरन्स, स्पष्ट शब्दांत आणि तुमच्या कॉलसाईनसह, म्हणजे रेडिओवरच्या विमानाच्या नावासह, ऐकू आली पाहिजे, आणि तोपर्यंत विमान हद्दीबाहेरच राहिले पाहिजे. पुढचे सारे विवेचन या एका नियमाभोवती फिरते.

हा नियम कोरडा वाटत असेल तर ३१ ऑगस्ट १९८६ ची घटना आठवावी. त्या दिवशी लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोस येथे पायपर आर्चर जातीचे एक छोटे खासगी विमान आणि एरोमेक्सिकोचे डीसी-९ हे प्रवासी विमान यांची हवेत टक्कर झाली. छोटे विमान परवानगीवाचून विमानतळाच्या नियंत्रण क्षेत्रात शिरले होते आणि त्याचा ट्रान्सपॉन्डर उंची कळवणारा नव्हता. दोन्ही विमानांतले ६७ आणि जमिनीवरचे १५ असे ८२ जण मृत्युमुखी पडले. उंची कळवणारे ट्रान्सपॉन्डर आणि प्रवासी विमानांतील टक्करविरोधी यंत्रणा अमेरिकेत सक्तीची होण्यामागे ही दुर्घटना हे एक मोठे कारण होते.

उड्डाणापूर्वीची तयारी

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने हवाई क्षेत्राचे ए पासून जी पर्यंत सात वर्ग ठरवले आहेत. दृश्य नियमांनी, म्हणजे व्हीएफआरने, उडणाऱ्या वैमानिकाला ए वर्गात जागा नाही; बी, सी आणि डी वर्गांत परवानगी लागते; ई वर्ग नियंत्रित असला तरी व्हीएफआर विमानाला तिथे परवानगीची गरज नसते; एफ आणि जी अनियंत्रित आहेत. प्रत्येक देश हे वर्ग आपल्या गरजेप्रमाणे वापरतो आणि त्यांत स्वतःचे फेरफारही करतो. अमेरिकेत, उदाहरणार्थ, बी वर्गासाठी स्पष्ट परवानगी लागते, पण सी आणि डी वर्गांत नियंत्रकाने तुमचा कॉलसाईन उच्चारून उत्तर दिले की दुतर्फा संपर्क झाला असे मानतात आणि तेवढ्यावर आत जाता येते. हीच सवय घेऊन दुसऱ्या देशात उडणारा वैमानिक पहिल्याच दिवशी नियमभंग करून बसतो. म्हणून ज्या देशात उडायचे आहे तिथली अधिकृत वैमानिकी माहिती पुस्तिका आणि चालू आवृत्तीचा नकाशा पाहिल्यावाचून निघू नये.

नकाशा पाहताना क्षेत्राची आडवी रेघ जितकी महत्त्वाची, तितकीच त्याची खालची आणि वरची मर्यादाही महत्त्वाची असते. मोठ्या विमानतळाभोवतीचे क्षेत्र उलट्या ठेवलेल्या उतरंडीसारखे असते, म्हणजे मध्यभागी ते जमिनीला टेकलेले आणि जसजसे बाहेर जावे तसतसा त्याचा तळ उंच होत गेलेला असतो. या तळाखालून परवानगीशिवाय जाता येते, पण उंचीमापक चुकीच्या दाबावर लावलेला असेल तर तळाखाली असल्याचा आपला समज खोटा ठरतो. समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलमागे साधारण २७ ते ३० फुटांचा फरक पडतो. १० हेक्टोपास्कलची चूक म्हणजे जवळपास ३०० फूट. त्या भागाचा क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबाने काढलेला हवेचा दाब, उंचीमापकात लावणे हे म्हणूनच संवादाच्या तयारीतलेच काम आहे.

मार्ग आखताना परवानगी मिळणारच असे धरून चालू नये. नियंत्रकाकडे त्या वेळी उतरणाऱ्या विमानांची रांग असू शकते आणि तुम्हाला नकार देणे हे त्याचे अगदी रास्त काम असू शकते. वळसा घालून जाण्याचा मार्ग नकाशावर आधीच आखलेला असावा, त्याला लागणारा वेळ आणि इंधन हिशेबात धरलेले असावे, आणि कोणत्या ठिकाणी पोहोचेपर्यंत परवानगी आली नाही तर वळायचे हे खुणेने ठरवलेले असावे. माझ्या मते संपूर्ण तयारीत ही खूण सर्वांत उपयोगी ठरते. ज्याच्याजवळ पर्याय तयार आहे त्याचा आवाज रेडिओवर शांत राहतो. ज्याच्याजवळ नाही तो नकार ऐकूनही पुढेच सरकत राहतो.

गुडघ्यावरच्या पॅडवर फ्रिक्वेन्सी, नियंत्रण केंद्राचे नाव आणि स्वतःच्या संदेशाचा आराखडा लिहून ठेवावा. सुरुवातीला पूर्ण वाक्ये लिहून ठेवण्यात कमीपणा नाही. त्या विमानतळाची ध्वनिमुद्रित माहिती, म्हणजे एटीआयएस, उपलब्ध असेल तर ती आधीच ऐकून तिचे अक्षर टिपून घ्यावे.

पहिली हाक

हाक केव्हा मारायची हे अंतरावरून आणि वेगावरून ठरते. १०० नॉटच्या वेगाने जाणारे विमान १० सागरी मैल ६ मिनिटांत कापते. हद्दीपासून किमान इतके अंतर शिल्लक असताना पहिली हाक गेली पाहिजे, कारण नियंत्रक दुसऱ्या कामात असेल तर त्या ६ मिनिटांतली दोन-तीन सहज निघून जातात. वर्दळीचा विमानतळ असेल तर त्याहूनही आधी बोलावे.

नवी फ्रिक्वेन्सी लावल्यावर लगेच बटण दाबू नये. काही सेकंद ऐकावे. वैमानिकी व्हीएचएफ रेडिओ आयाम-अधिमिश्रणावर, म्हणजे एएमवर, चालतो. त्यामुळे दोघे एकाच वेळी बोलले की कर्कश शिट्टी ऐकू येते आणि दोघांचेही बोलणे पुरते कळत नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफच्या धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमाने एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मेली. तिथे अगदी मोक्याच्या क्षणी नियंत्रकाचे आणि दुसऱ्या विमानाचे बोलणे असेच एकमेकांवर येऊन त्यांतल्या केएलएम कंपनीच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये त्याची शिट्टी झाली होती. कोणाचा प्रश्न चालू असेल तर त्याचे उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबणे हे शिष्टाचारापेक्षा मोठे आहे.

बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून बोलायला सुरुवात करावी, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि पहिला शब्द म्हणजे नेमके ज्याला हाक मारायची त्याचे नाव. मायक्रोफोन ओठांजवळ असावा. बोलण्याचा वेग मिनिटाला १०० शब्दांहून जास्त नसावा असे आंतरराष्ट्रीय नियमच सांगतात. घाईने बोललेले परत सांगावे लागते, म्हणजे वेळ वाचत नाहीच.

पहिली हाक आखूड असावी: केंद्राचे नाव, तुमचा पूर्ण कॉलसाईन, आणि काय हवे ते दोन-तीन शब्दांत. “अप्रोच, गोल्फ अल्फा ब्राव्हो चार्ली डेल्टा, रिक्वेस्ट झोन ट्रान्झिट.” इतकेच. यातील ‘अप्रोच’ हे नियंत्रण केंद्र, आणि त्याच्या आधी अर्थातच त्या विमानतळाचे नाव येते; पुढचे शब्द म्हणजे विमानाच्या नोंदणीची जी-एबीसीडी ही अक्षरे. एका दमात सगळी हकिकत सांगणारा वैमानिक नियंत्रकाला कागद-पेन्सिल हातात घेण्याचीही सवड देत नाही, आणि मग त्याला सगळे पुन्हा सांगावे लागते. उलट, नुसता कॉलसाईन सांगून थांबले तर आपण कशासाठी आलो आहोत हे नियंत्रकाला कळत नाही आणि कामांच्या क्रमात तो आपल्याला कुठेही बसवू शकत नाही.

“पास युअर मेसेज” असे ऐकल्यावर पूर्ण संदेश द्यायचा. तो साधारण या क्रमाने असतो: कॉलसाईन आणि विमानाचा प्रकार, कुठून कुठे निघालो, आत्ता कुठे आणि किती उंचीवर आहोत, व्हीएफआर आहोत, आणि काय हवे आहे. उदाहरण घेऊ. विमानतळाभोवतीच्या क्षेत्राची हद्द धावपट्टीपासून ५ मैलांवर आहे, तुम्ही दक्षिणेला १५ मैलांवर आहात, आणि घड्याळात तासाचे ३६ वे मिनिट चालू आहे. निघाल्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण सांगून झाल्यावर तुम्ही म्हणाल: “पोझिशन वन फाइव्ह माइल्स साउथ ऑफ द फील्ड, टू थाउजंड फाइव्ह हंड्रेड फीट, व्हीएफआर, रिक्वेस्ट ट्रान्झिट साउथ टू नॉर्थ, एस्टिमेटिंग झोन बाउंड्री अ‍ॅट फोर टू.” शेवटचा ‘फोर टू’ म्हणजे ४२ वे मिनिट, १० मैलांना ६ मिनिटे या हिशेबाने. स्थान सांगताना नकाशावर छापलेले ठिकाण किंवा विमानतळापासूनचे अंतर आणि दिशा सांगावी. ‘एका मोठ्या तळ्याजवळ’ असे वर्णन नियंत्रकाच्या पडद्यावर कुठेही सापडत नाही.

कॉलसाईन स्वतःहून आखूड करू नये. नियंत्रकाने ‘गोल्फ चार्ली डेल्टा’ असे म्हटल्यावरच आपणही तसे म्हणावे, कारण त्याच फ्रिक्वेन्सीवर मिळत्याजुळत्या नोंदणीचे दुसरे विमान आहे की नाही हे त्यालाच माहीत असते.

उत्तर आले, पण परवानगी आली का?

आता सर्वांत निसरडी जागा येते. समजा उत्तर असे आले: “गोल्फ चार्ली डेल्टा, स्क्वॉक फोर फाइव्ह टू वन, क्यूएनएच वन झीरो वन टू, रिमेन आउटसाइड कंट्रोल्ड एअरस्पेस, स्टँडबाय.” यात ‘स्क्वॉक’ म्हणजे हा कोड ट्रान्सपॉन्डरवर लावा, आणि ‘बाहेर राहा’ हे स्पष्ट आहे. पण कित्येकदा नियंत्रक नुसते “स्टँडबाय” म्हणतो आणि त्याचा अर्थ फक्त ‘थांबा, मी तुम्हाला बोलावतो’ एवढाच असतो. तो होकार नाही आणि नकारही नाही. नुसत्या ‘स्टँडबाय’ला उत्तर देण्याचीही गरज नसते. विमान मात्र थांबत नाही, ते मिनिटाला दीड मैलाहून अधिक वेगाने हद्दीकडे सरकत असते, म्हणून ठरवलेली खूण आली की वळून हद्दीबाहेरच एखादी घिरटी घालावी. वेळ फारच कमी उरला असेल आणि फ्रिक्वेन्सी शांत असेल, तर “गोल्फ चार्ली डेल्टा, रिमेनिंग आउटसाइड, ऑर्बिटिंग” असे कळवणे योग्य. तेवढ्याने नियंत्रकाला तुमची आठवणही होते.

ट्रान्सपॉन्डरचा कोड बदलताना आकडे सावकाश फिरवावेत. प्रत्येक आकडा ० ते ७ यांतलाच असतो, त्यामुळे ८ किंवा ९ ऐकल्यासारखे वाटले तर ऐकण्यात चूक झाली आहे हे निश्चित समजावे. ७५०० अपहरणासाठी, ७६०० रेडिओ बंद पडल्यास आणि ७७०० आणीबाणीसाठी राखून ठेवलेले आहेत, आणि कोड फिरवताना नकळत त्यांवर थांबू नये. नियंत्रकाच्या पडद्यावर तुमचे विमान उठून दाखवणारे ‘आयडेंट’चे बटण सांगितल्यावरच दाबायचे.

मग काही वेळाने हे ऐकू येते: “गोल्फ चार्ली डेल्टा, आयडेंटिफाइड, क्लिअर्ड टू क्रॉस द कंट्रोल झोन साउथ टू नॉर्थ व्हाया द ओव्हरहेड, नॉट अबव्ह टू थाउजंड फीट, व्हीएफआर.” ही परवानगी आहे. पण नीट पाहिले तर तुम्ही मागितली त्यापेक्षा ती वेगळी आहे. तुम्ही २५०० फुटांवर आहात आणि मिळाले आहेत जास्तीत जास्त २०००. तुम्ही नुसते दक्षिणेकडून उत्तरेकडे म्हटले होते आणि त्याने थेट विमानतळाच्या माथ्यावरून जायला सांगितले आहे. माणसाचे मन मागितलेलेच ऐकते, आणि रेडिओवरच्या चुकांत ही फार मोठी चूक असते. म्हणून परवानगी ऐकताना ती लिहून घ्यावी आणि लिहिलेलेच वाचून दाखवावे.

माथ्यावरून जायला सांगितल्याने नवखा वैमानिक बिचकतो, पण त्यात युक्ती आहे. उतरणारी विमाने धावपट्टीच्या उंबरठ्यावर जमिनीलगत असतात आणि उड्डाण करणारी बहुधा दुसऱ्या टोकाला जाऊन उंची गाठतात. त्यामुळे धावपट्टीच्या मधल्या भागावरून आडवे जाणारे छोटे विमान दोन्ही रहदारीपासून अलग राहते. अंतिम टप्प्याच्या पाच-सात मैल पुढून आडवे जाण्यापेक्षा ही वाट कितीतरी मोकळी असते.

रीडबॅक

मिळालेली परवानगी परत वाचून दाखवणे म्हणजे रीडबॅक. मार्गाची परवानगी, उंची, दिशा आणि वेग यांविषयीच्या सूचना, उंचीमापकाचा दाब, ट्रान्सपॉन्डरचा कोड, वापरात असलेली धावपट्टी, आणि धावपट्टीवर जाणे, ती ओलांडणे किंवा तिच्याआधी थांबणे यासंबंधीची प्रत्येक सूचना शब्दशः परत म्हणायची असते. वाऱ्याची माहिती किंवा सर्वसाधारण रहदारीची माहिती परत म्हणण्याची गरज नसते. रीडबॅकच्या शेवटी कॉलसाईन येतो.

‘रॉजर’ हा शब्द इथे घातक आहे. त्याचा अर्थ ‘तुमचे सर्व बोलणे मला ऐकू आले’ इतकाच. ‘हो’ म्हणायचे असेल तर ‘अफर्म’, ‘नाही’साठी ‘निगेटिव्ह’, ‘ऐकले आणि तसे करीन’ यासाठी ‘विल्को’, आणि कळले नसेल तर ‘से अगेन’. अर्धवट कळलेली परवानगी ‘रॉजर’ म्हणून उरकण्यापेक्षा तीनदा ‘से अगेन’ म्हणणारा वैमानिक नियंत्रकाला कधीही परवडतो.

आकड्यांच्या बाबतीत ‘टू’ या उच्चाराने मोठा घात केला आहे. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगर कंपनीचे मालवाहू बोइंग ७४७ टेकडीवर आदळले आणि त्यातील चारही जण मरण पावले. नियंत्रकाने २४०० फुटांसाठी “डिसेंड टू फोर झीरो झीरो” म्हटले होते. वैमानिकांनी त्यातला पहिला ‘टू’ हा ‘पर्यंत’ या अर्थाने घेतला आणि ४०० फूट समजून तसेच परत वाचले. ती चूक त्या क्षणी पकडली गेली नाही. ‘टू थाउजंड फोर हंड्रेड फीट’ असे पूर्ण म्हटले असते तर संदिग्धता उरली नसती. म्हणून उंची सांगताना हजार, शेकडा आणि ‘फीट’ हे शब्द गाळू नयेत, आणि रीडबॅकनंतर नियंत्रकाकडून दुरुस्ती येते का इकडे दोन क्षण कान ठेवावा.

सांगितलेले करणे शक्य नसेल तर ‘अनेबल’ म्हणण्याचा अधिकार वैमानिकाला आहे आणि तो वापरण्यात संकोच नसावा. वरच्या उदाहरणात २००० फुटांखाली जाताना समोर ढग असेल, तर परवानगी आहे म्हणून ढगात शिरणे हा व्हीएफआरचा भंगच ठरतो. “अनेबल टू थाउजंड फीट ड्यू क्लाउड, रिक्वेस्ट टू थाउजंड फाइव्ह हंड्रेड फीट” असे कारण आणि पर्याय दोन्ही सांगितले की नियंत्रकाचेही काम सोपे होते. सी आणि डी वर्गांत १०,००० फुटांखाली आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे ५ किलोमीटर दृश्यता आणि ढगापासून आडवे १५०० मीटर व उभे १००० फूट अंतर लागते, आणि ते राखण्याची जबाबदारी तुमची असते.

क्षेत्राच्या आत

आत शिरल्यावर पुष्कळांचा असा ग्रह होतो की आता आपली काळजी नियंत्रक घेईल. डी वर्गात नियंत्रक व्हीएफआर विमानाला इतरांपासून अंतर राखून देत नाही. तो रहदारीची माहिती देतो आणि टाळण्याचे काम तुमचेच असते. “ट्रॅफिक, टू ओक्लॉक, थ्री माइल्स, लेफ्ट टू राइट” असे सांगितले की दोन वाजण्याच्या दिशेला पाहायचे. पण ही दिशा रडारवरच्या तुमच्या मार्गावरून काढलेली असते. आडव्या वाऱ्यात विमानाचे नाक मार्गापासून वळलेले असेल तर तेवढा फरक धरून नजर फिरवावी लागते. विमान खरोखर दिसले तरच ‘ट्रॅफिक इन साइट’ म्हणावे. बहुधा तेच असेल अशा अंदाजावर हे शब्द उच्चारले, तर नियंत्रक त्यांवर विसंबून पुढची सूचना देतो.

मोठ्या विमानाच्या मागून जायला सांगितले तर त्याच्या पंखांमागे तयार होणारे भोवरे खाली बसतात हे लक्षात ठेवून शक्यतो त्याच्या मार्गाच्या वरून जावे.

रेडिओ अचानक शांत झाला, तर आधी आवाजाची कळ, हेडफोनची जोडणी आणि फ्रिक्वेन्सी तपासावी, मग मागची फ्रिक्वेन्सी लावून पाहावी. संपर्क खरोखर तुटला असेल तर ७६०० लावावा. परवानगी मिळालेली नसेल तर बाहेरच राहावे. परवानगी घेऊन आत असाल तर दृश्य हवामानात राहून जवळच्या योग्य विमानतळावर उतरावे आणि उतरल्याचे लगेच कळवावे.

आपण कुठे आहोत हेच कळेनासे झाले किंवा चुकून हद्दीच्या आत शिरलो आहोत असे वाटले, तर गप्प राहणे आणि ट्रान्सपॉन्डर बंद करणे या दोन गोष्टी कदापि करू नयेत. ज्याच्याशी बोलत आहात त्याला सांगावे, आणि कोणाशीच बोलत नसाल तर १२१.५ मेगाहर्ट्झवर ‘पॅन पॅन’ तीनदा म्हणून मदत मागावी. जिवाचा धोका असेल तर ‘मेडे’ तीनदा. २५ जानेवारी १९९० रोजी न्यू यॉर्कजवळ अ‍ॅव्हियांकाचे विमान इंधन संपून कोसळले आणि ७३ जण मेले. त्या वैमानिकांनी इंधन संपत असल्याचे सांगितले होते, पण आणीबाणी जाहीर करणारा नेमका शब्द उच्चारला नव्हता.

पलीकडची हद्द ओलांडली की नियंत्रकाने मागितला असेल तर तसा अहवाल द्यावा. न सांगता फ्रिक्वेन्सी सोडू नये; त्याच्या लेखी तुम्ही अजून त्याच्याकडेच असता. ‘कॉन्टॅक्ट’ म्हणून पुढच्या केंद्राची फ्रिक्वेन्सी दिली तर तिथे तुम्ही हाक मारायची असते, ‘मॉनिटर’ म्हटले तर फक्त ऐकत राहायचे. ती फ्रिक्वेन्सीही परत वाचावी आणि जुनी पुसून टाकू नये, कारण नव्या ठिकाणी कोणी उत्तर दिले नाही तर तिथेच परतावे लागते. नियंत्रकाने दिलेला कोड सोडायला सांगितले की मगच त्या देशातला व्हीएफआरचा नेहमीचा कोड लावावा. युरोपातील बहुतेक देशांत तो ७००० आणि अमेरिकेत १२०० आहे.